तीन महिने कुणाला सांगू नकोस!

दिवस राहिले की पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची पद्धत. पण मग मिसकॅरेज झालं, तर ते तरी सांगायचं कुणाला?

असाइनमेंटसाठी दिल्लीत होते. आठवा आठवडा. ब्लीडिंग सुरू झालं, सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, ‘घरी जा, ब्लीडिंग वाढलं तर मात्र थेट हॉस्पिटल.’

पुण्याची फ्लाइट दोन तासांची. सीट बेल्टचा दिवा लागलेला आणि पोटात कळा. उठताही येईना. शेजारचे काका आग्रहानं वेफर्स पुढे करत होते. दिवा विझल्यावर एअर होस्टेसला हळूच सांगितलं. तिनं मागे, टॉयलेटजवळ बसवलं. पॅड्स, गरम पाणी आणून दिलं. आईच्या आधी तिला कळलं.

घरी पहिला प्रश्न, ‘विमानानं गेलीस म्हणून तर नाही ना?’ नाही. इतक्या लवकरच्या मिसकॅरेजचं कारण बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो, प्रवास नव्हे.

नोकरदार मैत्रिणींनो, मिसकॅरेजनंतर ६ आठवड्यांची पगारी रजा १९६१च्या कायद्यात आली, आजही आहे. फक्त ती मागताना ऑफिसात हा शब्द उच्चारावा लागतो. जरूर उच्चारा. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला ती नाही. चौथ्या दिवशी मी कॉपी पाठवली.