पंखा बाराचा की नऊचा?

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात, मगरपट्ट्यातल्या एसी ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. पगार त्याचाच मिळतो. पण माझी स्वतःची एक चूक मला आठ महिने दिसली नव्हती. ती रबरी बोटीच्या इंजिनाखाली लटकत होती आणि तिच्यावर आकडासुद्धा स्वच्छ कोरलेला होता.

‘‘बोट? आणि हिंगोलीत?’’ ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो. हिंगोली म्हटलं की लोकांना औंढा नागनाथ आठवतं, कुणाला नर्सी नामदेव, हल्ली कुणाला ‘लायगो’. पाणी कुणालाच आठवत नाही. पण आमच्याकडे कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. सिद्धेश्वर आणि इसापूरसारखी धरणं आहेत. आणि एरवी गुडघाभर वाहणारी नदी एका रात्रीत काय करू शकते, हे जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याने पाहिलं. घराघरांत पाणी शिरलं होतं.

त्या बातमीनंतर आमच्या मामे-मावस भावंडांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी पहिल्यांदाच कामाची चर्चा झाली. कळमनुरी तालुक्यातलं आमचं गाव कयाधूच्या काठी. आपली एक बोट असावी, असं ठरलं. वर्गणी जमायला दीड वर्ष लागलं (भावंडंच ती!). २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत एक सेकंडहँड रबरी बोट मिळाली. पावणेचार मीटरची, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन.

व्यवहार मी केला, कारण मी ‘टेक्निकल’. विकणाऱ्याकडे त्या इंजिनाला बसणारे दोन प्रोपेलर होते. एकावर ‘९¼ × १२’ कोरलेलं, दुसऱ्यावर ‘९¼ × ९’. दोन्हींचा व्यास सारखाच, सव्वानऊ इंच. फरक फक्त दुसऱ्या आकड्यात. ‘‘बारावाला तेज भागेगा,’’ तो म्हणाला. मी मामाला फोन लावला. मामा प्रोपेलरला पंखा म्हणतो. तो एवढंच म्हणाला, ‘‘भाच्या, वझं कोनता ओढतो त्ये इचार की.’’

मी विचारलं नाही. बारा नऊपेक्षा मोठा, यात विचारायचं काय? मोबाइल घेताना आपण तेच करतो ना? ज्याचा आकडा मोठा, तो चांगला.

इसापूरच्या पाण्यावर, रीतसर परवानगी काढून, मी आणि मामा दोघांनी ती बोट पळवली. काय सुसाट गेली म्हणून सांगू! व्हिडिओ टाकला, ढीगभर लाइक्स आले.

मग १ सप्टेंबर २०२४ उजाडला. रविवार, दुसऱ्या दिवशी पोळा. मी त्यासाठीच गावी आलो होतो. खांदमळणीचा दिवस, पण बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावायला कुणी गोठ्याबाहेर पडू शकेना, असा पाऊस. दुपारनंतर कयाधू शेतांत पसरली. एका आखाड्यावर म्हातारा-म्हातारी अडकली होती. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातलं घर. पत्र्यावर चढून बसली होती दोघं.

लाइफ जॅकेट घालून मी आणि मामा निघालो. जाताना दोघंच, वर पाण्याचा ओढही पाठीशी. पाच मिनिटांत पोचलो. दोघांना बोटीत घेतलं, तोंड गावाकडे वळवलं आणि थ्रॉटल पूर्ण पिळला. बोटीचं नाक वर आलं, बूड खाली बसलं आणि इंजिन नुसतं कण्हायला लागलं. काठावरच्या एका बाभळीकडे बघत होतो. ती बाभळ जागची हलेना. म्हणजे आम्ही जागचे हलत नव्हतो.

आजोबांनाच ते आधी कळलं. ‘‘हिला न्या आधी,’’ म्हणाले, आणि आमच्या हाताला धरून पुन्हा पत्र्यावर चढले. तिघं असताना बोट कशीबशी पुढे सरकली. आजीला सोडून परत त्यांच्यापाशी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. अंधार पडला होता. ते तिथेच बसलेले होते. काही बोलले नाहीत. मलाही काही बोलता आलं नाही.

पोळा झाला, पुण्याला आलो, पण ती बाभळ काही डोळ्यांपुढून जाईना. मी इंजिनाला दोष दिला. एका मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ करून पैसे घेतले. एका दुकानदाराने सरळ मोठं इंजिन घ्यायला सांगितलं. शेवटी मी ते केलं, जे ऑफिसात नव्या पोरांना रोज ओरडून सांगतो: मॅन्युअल वाचलं.

त्यात एक ओळ होती. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिनाचे फेरे मिनिटाला ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असले पाहिजेत. मी स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा एक छोटा मीटर मागवला आणि पुन्हा इसापूर गाठलं. दोघं बसलो तेव्हा ५,७००. चौघं बसलो, फक्त ४,४००. इंजिन निरोगी होतं, पण त्याला दम घ्यायलाच मिळत नव्हता.

कोडं सुटलं ते त्या दुसऱ्या आकड्यात. त्याला पिच म्हणतात. स्क्रू लाकडात फिरवला की एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसा प्रोपेलर एका फेऱ्यात कागदावर जेवढे इंच पुढे जाईल, ते त्याचं पिच. (पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं घसरतंच.) बारा म्हणजे लांब ढांग, नऊ म्हणजे आखूड. बाइकवर ट्रिपल सीट बसून कात्रजचा घाट चौथ्या गिअरवर चढून बघा. मोठ्या पिचवर भरलेल्या बोटीचं अगदी तेच होतं. इंजिन फेरे घेऊ शकत नाही, ताकद लागत नाही, बोट पाण्यावर उठतच नाही. आणि असं कण्हत चालवत राहिलं की इंजिनाचंही आयुष्य कमी होतं.

हिशेब सोपा आहे. पिच एक इंच कमी केलं की साधारण दोनशे फेरे वाढतात. मला निदान सहाशे हवे होते. म्हणजे तीन इंच. बारातून तीन गेले...

हो, नऊ. तोच, जो मी मुंबईत सोडून आलो होतो. पुन्हा विकत घेतला.

एक पथ्य मात्र आलं. नऊच्या पंख्यावर दोघंच असलो आणि थ्रॉटल पूर्ण उघडला, तर इंजिन सहा हजारांच्या वर जाऊ पाहतं. म्हणजे रिकाम्या बोटीत हात आखडता घ्यायचा. वेगही पूर्वीपेक्षा कमी. दोन्हीकडून फायदा देणारा प्रोपेलर कुठल्याच दुकानात मिळत नाही. बोटीत नेहमी किती माणसं असणार, हे आधी ठरवायचं आणि तेवढी बसवूनच मोजायचं. मी रिकाम्या बोटीचा वेग पाहून निवड केली होती. बोट घेतली होती भरून आणण्यासाठी.

तुम्हीही वीकेंडसाठी रबरी बोट घ्यायच्या विचारात असाल, तर आणखी तीन गोष्टी. प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीला हवी. इंजिन जास्त वर बसलं तर पंखा पाण्याऐवजी हवा कापतो. धरणात बुडालेली खोडं आणि दगड असतात, म्हणून एक जादा प्रोपेलर, त्याची पिन आणि पाना बोटीतच ठेवा. आणि पाण्यातल्या माणसाला वर घेताना इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद.

नवा पंखा बसवला त्या दिवशी वजनासाठी मी हळदीचे कट्टे मागितले. मामा भडकला. ‘‘हळद पान्यावर नेतो का? येडा झाला का तू?’’ शेवटी पोत्यांत वाळू भरायचं ठरत होतं, तेवढ्यात मामाच्या मागून आजोबा पुढे आले. सोबत आजीही. सांगायच्या आत दोघं बोटीत बसलीसुद्धा.

चौघं. थ्रॉटल पूर्ण. नाक क्षणभर वर आलं, मग खाली बसलं आणि बोट पाण्यावर उठली. मीटरवर ५,१००.

काठाला लागल्यावर आजोबांनी इंजिनाकडे एकवार बघितलं. ‘‘आता आमी दोघं एकाच खेपंत येऊ ना रं?’’

‘‘येणार, आजोबा. फक्त जरा हळू.’’

‘‘हळूच बरं,’’ ते म्हणाले, आणि आजीला हात देऊन खाली उतरवू लागले.