शिलेवरील रेघ

मुरुडच्या किनाऱ्यावर भरतीचें पाणी वाळू ओलांडून वर येतें. सहा तासांनीं तेंच मागें हटतें व खडक उघडे पडतात. मग ‘समुद्रसपाटीपासून अमुक फूट उंच’ असें जें आपण भूगोलांत मुलांस शिकवितों, ती सपाटी नेमकी कोणती? संस्कृतांतील ‘वेला’ या एकाच शब्दांत भरती, किनारा, मर्यादा व काळ हे चारही अर्थ सामावले आहेत. भूमापकांनीं या चौघांचा मेळ दगडावरील एका रेघेंत घातला आहे.

त्याची रीत अशी. बंदरांत यंत्र बसवून पाण्याची उंची वर्षानुवर्षें नोंदावयाची व त्या नोंदींची सरासरी काढावयाची. ती शून्य उंची. मुंबईस अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासून होऊं लागली. देशांत उंचीचें मापन १८५८ मध्यें आरंभिलें गेलें, व पुढें १९०९ मध्यें मुंबई, कारवार, मद्रास आदिकरून नऊ बंदरांच्या सरासरीशीं तें जुळविण्यांत आलें. तेथून दुर्बीण व मापपट्टी घेऊन गांवोगांव पुढें जावयाचें आणि टिकाऊ जागा पाहून खूण कोरावयाची. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपुरास शून्य मैलाच्या दगडापाशीं प्रमाणखुणेची उंची १०२०.१७१ फूट अशी दिली आहे, ती याच साखळीमुळें.

इंग्लंडांत खेडोपाडीं जुन्या चर्चच्या भिंतीवर आडवी रेघ व तिच्याखालीं तीन रेषांचा बाण आढळतो. रेघेच्या खांचेंत लोखंडी कोन बसवून मापपट्टीस बाक करीत, म्हणून तिला ‘बेंच मार्क’ म्हणतात. खुणेसाठीं चर्चच कां निवडलें? घराचा मालक बदलतो, झाड उन्मळतें, रस्त्यावर भराव पडतो. परंतु प्रार्थनास्थळ गांव सहसा पाडीत नाहीं. गणिताला लागणारें स्थैर्य अशा रीतीनें भक्तीनें पुरविलें.

तरी स्थैर्य हा केवळ दगडाचा गुण नव्हे. मुरुडहून अलिबागच्या वाटेनें काशीद, बोर्ली ओलांडून कोर्लईस गेल्यास हें सहज कळेल. खाडीच्या मुखाशीं डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७४० मध्यें हा मुलूख मराठ्यांकडे आला. किल्ल्यावरील चर्चच्या भिंती भक्कम असूनही त्यांस आज छप्पर नाहीं. पायथ्याच्या गांवांतील माउंट कार्मेल मातेचें चर्च मात्र नांदतें आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणाची बोलीही अद्याप बोलली जाते. वरच्या शिबंदीबरोबर वरचें चर्च ओस पडलें. खालचें माणसांनीं राखलें. खूण कोरावयाची तर ती जेथें माणसें येत राहतील तेथेंच कोरावी, हाच यांतील बोध.

ही गोष्ट आतां केवळ कुतूहलाची राहिलेली नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. जगभर समुद्राची पातळी चढत आहे. परंतु किनाऱ्यावर पाणी चढलेलें दिसलें, तर सागर वर आला कीं भूमि खचली, हें कशावरून ठरवावें? पाण्याची नोंद एकटी पुरत नाहीं. यंत्राजवळच्या जुन्या खुणा व तेथून दूरवर गेलेल्या खुणा पुन्हा मापून पाहाव्या लागतात. आतां उपग्रहांचें साहाय्य मिळतें खरें, परंतु शंभर वर्षांपूर्वींची उंची उपग्रह सांगूं शकत नाहीं. ती त्या रेघेसच ठाऊक.

म्हणून वाचकांस एक विनंती. देऊळ, चर्च, धर्मशाळा वा जुनी कचेरी यांचा जीर्णोद्धार काढतांना जोत्यावर व पायऱ्यांवर फरशी बसविण्यापूर्वीं दगड नीट पाहावेत. ‘जी. टी. एस.’ व ‘बी. एम.’ अशीं इंग्रजी अक्षरें कोरलेलीं आढळल्यास त्यांवर छिन्नी वा सिमेंट फिरवूं नये. भारतीय सर्वेक्षण विभागास कळवावें. पूर्वजांनीं सागराची मर्यादा आंखून ठेविली आहे. ती पुसूं न देणें एवढेंच काम आपल्याकडे उरलें आहे.