कोरडी गळती

आमचा ट्रॅक्टर चालू होत नाही, अशी तक्रार कधीच नव्हती. एका सेल्फला चालू व्हायचा. धुराड्यातून काळा भपका निघायचा, वरचं झाकण फडफडायचं, अण्णा सीटवर नीट बसेपर्यंत सगळं झकास. आणि गोठ्याच्या पुढच्या वळणावर पोचला की दोन आचके देऊन बंद.

"एअर धरली," अण्णा म्हणायचे आणि मला हाक मारायचे.

माझं काम ठरलेलं. फीड पंपाची कांडी अंगठ्याने वरखाली करायची. अण्णा फिल्टरवरचा बोल्ट पान्याने सैल करायचे. तिथून आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. "बास." की बोल्ट आवळला. माझ्या पाचवीच्या सगळ्या वह्यांना डिझेलचा वास होता.

1984 साली कर्ज काढून घेतलेला, 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर. आमच्यापासून किर्लोस्करवाडी सायकलच्या टप्प्यात. तिथला कारखाना 1910 चा. त्यामुळे आमच्या भागात घराआड एक यंत्र कळणारा माणूस निघतो म्हणतात. आमचं घर त्या 'आड'मध्ये गेलं असावं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे मला कॉलेजात कळलं. आतली हवा 16-17 पट दाबली की ती इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. जुन्या ट्रॅक्टरला एकदा चालू झाल्यावर बॅटरीचीही गरज नाही. डिझेल पोचत राहिलं की झालं. पण पंपात बुडबुडा शिरला तर दाब डिझेलवर येतच नाही, बुडबुडाच दबत राहतो आणि नोझल उघडत नाही. मग सुरुवातीला तो चालायचा कशावर? फिल्टरात नि पंपात उरलेल्या घोटभर डिझेलवर.

एका वर्षी ऐन उसाच्या लागणीत तो दिवसातून चार-चारदा बंद पडायला लागला. बॉनेट उघडं दिसलं की आमच्याकडे वाटसरूही डॉक्टर होतो. कुणी म्हणालं पंप गेला, कुणी म्हणालं बोअरचं काम काढा. अण्णा कर्जाचे आकडे मांडायला बसले.

मग मिस्त्री आले. त्यांनी आधी काही खोललंच नाही. पाइपावरून नुसतं बोट फिरवलं. मग टाकीचा पाइप सोडवला, डिझेलचा कॅन लिंबाच्या फांदीला टांगला आणि त्याची नळी थेट पंपाला जोडली. सलाइन लावल्यासारखी. ट्रॅक्टर तासभर जागेवर धडधडत राहिला.

"इंजनाला काय झालं न्हाई, अण्णा. टाकीपासनं पंपापतोर कुठंतरी हवा वढतंय."

"पण डिझेल तर कुठंच गळत नाही," मी मध्येच म्हणालो.

"पंपाच्या म्होरं गळलं तर वलं दिसतंय. मागं गळलं तर कोरडंच. तिथनं डिझेल भाईर येत न्हाई, हवा आत जाती."

दोष सापडला तो जोडावरच्या तांब्याच्या वॉशरमध्ये. वापरून वापरून कडक झालेला. नवा आणायला तालुक्याला जावं लागलं असतं. मिस्त्रींनी तो आईच्या चुलीत लाल केला आणि तांब्यातल्या पाण्यात टाकला. पोलाद असं केलं की कडक होतं; तांबं मऊ पडतं. तोच वॉशर पुन्हा बसवला. आईने मात्र तो तांब्या आठवडाभर चिंचेने घासला.

अण्णा गेल्यावर ट्रॅक्टर माझ्याकडे आला. मी पुण्याहून सुट्टीला येतो, तेव्हा चालवतो. गेल्या पावसाळ्यात जुनंच दुखणं, पण वेगळ्या चालीचं: दहा मिनिटं उत्तम, मग दम लागल्यासारखा मंद होऊन बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू. सगळे जोड पाहिले, वॉशर बदलले, फिल्टर बदलला, एअर काढली. अंगठा आता लगेच दुखतो.

शेवटी डिझेल तरी आहे का बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर आत फुस्स करून हवा ओढली गेली. झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा दुमडून बसवलेला होता. पावसाचं पाणी डिझेलमध्ये जाऊ नये म्हणून अण्णांनीच लावलेला. त्याने झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं. डिझेल खाली जायचं, त्याच्या जागी हवा येत नव्हती.

इतकी वर्षं मग काहीच कसं झालं नाही? अण्णा झाकण कधी पुरतं आवळत नसत. मी त्यावरून त्यांच्याशी वादही घातला होता. ट्रॅक्टर हातात आल्यावर पहिल्याच दिवशी मी ते गच्च आवळलं होतं.

बांधावरच्या बाभळीचा एक काटा मोडून घेतला. पिशवीला बारीक भोक पाडलं आणि ती पुन्हा होती तशी दुमडून बसवली. झाकण लावलं, आणि अर्धा आटा सैल सोडलं.