ट्रेडमिल कुणासाठी?

रोह्यात जून लागला की बाबांचं कुंडलिकेकाठचं फिरणं बंद. चांगले चार महिने! आणि त्यांना डायबेटिस. म्हणून घरीच ट्रेडमिल घ्यायचं ठरलं.

पेणच्या दुकानात सेल्समन लगेच सुरू, "सर, चार एचपी!" विचारलं, "पीक की कंटिन्युअस?" उत्तर आलं, पीक. म्हणजे क्षणभराची ताकद. मोटर सलग किती ओढते, ते कंटिन्युअसचा आकडा सांगतो. नुसतं चालायला दीड-दोन एचपी पुष्कळ.

मला धावायला पट्टा लांब हवा होता, 140 सेंटिमीटरचा. बाबांना चालायला 120 पुरे. त्यांना हवा होता अगदी कमी वेग, दोन्ही बाजूंना लांब दांडे आणि कपड्याला अडकवायची सेफ्टी की. तोल गेला की ती ओढली जाते आणि पट्टा थांबतो. डायबेटिसमध्ये पायांची संवेदना कमी होऊ शकते, तेव्हा घरातसुद्धा बूट घालूनच चालायचं. मागे भिंत नको, मोकळी जागा हवी.

शेवटी दुकानातच बाबांना चढवलं. दांडा न सोडता दहा मिनिटं चालले, म्हणाले, "हे चालेल रे."

असो, लांब पट्टा राहिला. मी महिन्यातले दोन वीकेंड घरी असतो. ते रोज असतात.