गिटारच्या पाठीवरची देवनागरी

मामांची गिटार मी गेल्या वर्षी विकली. नाशिकच्या इतिहासावरील लेखनात एका जर्मन वाद्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु त्या विक्रीत जो प्रश्न उभा राहिला, तो या जिल्ह्याला पुरातन आहे.

प्रथम वाद्याविषयी. हॉफ्नर कंपनीची ही पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार, १९५०च्या दशकाच्या अखेरची. कंपनी १८८७ साली बोहेमियातील शोनबाख गावी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने तिथल्या जर्मनांना देशाबाहेर घालवले, तेव्हा वाद्यकारांची ती वस्तीच्या वस्ती बव्हेरियात बुबेनरॉइट येथे पुन्हा उभी राहिली. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची बास गिटार याच कंपनीची, आणि आतून अशीच पोकळ.

पोकळ का? गिटारचा आवाज मूळचा नाजूक. जाझच्या संचात पितळी वाद्यांपुढे तो बुडून जाई. म्हणून तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवण्यात आले. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो ॲम्प्लिफायरकडे जातो. गिब्सनने १९३६ साली असे वाद्य बाजारात आणले; १९३९पासून चार्ली ख्रिश्चनने बेनी गुडमनच्या संचात ते वाजवून गिटारला एकल वादनाचा मान मिळवून दिला. मात्र अंग जुन्या धर्तीचे पोकळच राहिले. ध्वनिवर्धकाचा आवाज त्या पोकळीत शिरला की वाद्य घुमू लागे आणि कर्कश शिट्टी उठे. भरीव लाकडाच्या गिटारींनी पुढे ही अडचण दूर केली. मामांचा उपाय स्वस्त होता: वरच्या दोन्ही छिद्रांत जुन्या धोतराचे बोळे. गणेशोत्सवाच्या मांडवात कर्णे समोरच बांधलेले असत!

मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक बंधने असलेला तो काळ. देवळालीहून इंग्लंडला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबाकडून त्यांनी ही गिटार घेतली. दिवसा प्रेस, रात्री वाद्यवृंद. वाद्याच्या पाठीवर त्यांनी पिवळ्या तेलरंगात, ठसठशीत देवनागरीत, वाद्यवृंदाचे नाव रंगवून घेतले.

एवढी वर्षे ती टिकली कशी? मामा पेटी दर रविवारी उघडून ठेवीत. ते केवळ कौतुकापोटी करीत असावेत, पण त्याला शास्त्राचा आधार आहे. गिटारच्या कडेची पट्टी सेल्युलॉइडची असते. बंद जागेत या पदार्थातून आम्लयुक्त वायू सुटतात, पट्टी ठिसूळ होते, शेजारचा धातू गंजतो. दादासाहेब फाळक्यांच्या काळातील फिल्मही याच पदार्थाची होती; त्या मूकपटांपैकी फारच थोडे आज हाती आहेत.

जुन्या वाद्यांच्या एका व्यापाऱ्याने गिटार उलटसुलट पाहिली. खुंट्या मूळच्या, वेटोळी मूळची, आतल्या चिठ्ठीवरचा क्रमांक स्पष्ट. तो प्रसन्न झाला. मग त्याने पाठ पाहिली. ही अक्षरे पुसून घ्या, असे तो म्हणाला. बेमालूम काम करणारा कारागीर आहे, किंमत चौथाईने वाढेल.

येथे मला जोगलटेंभी आठवले. सिन्नर तालुक्यातील या गावी १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा निधी सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याची आकृती उमटली आहे, तरी खालचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे अनेकदा दिसतातच. पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीचा शिलालेख क्षहरातांच्या उच्छेदाची ग्वाही देतो. पण शिलालेख प्रशस्तीपर असतात, त्यांवर किती विसंबावे? नाण्यांवरील दुसऱ्या ठशाने ती ग्वाही पक्की केली. कोणी हौशी संग्राहकाने ‘मूळ’ नहपान मिळवण्यासाठी तो ठसा घासून काढला असता, तर सर्वांत मोलाचा पुरावाच गेला असता.

सातवाहन सम्राट आणि मांडवातला वाद्यवृंद यांना एका पंक्तीत बसवण्याचा माझा हेतू नाही. परंतु बुबेनरॉइटमध्ये तयार झालेली गिटार नाशिकमध्ये कोणी, कोणासाठी वाजवली, हे सांगणारा तिच्या अंगावरचा एकमेव लेख म्हणजे ती पिवळी अक्षरे. ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ बाजारात कारखान्यातून निघालेला दिवस एवढाच होतो. इतिहासात तो तिथे थांबत नाही.

कायद्याचा यात आधार नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार अशी वस्तू पुरावशेष ठरण्यास किमान शंभर वर्षांची असावी लागते. गिटार साठीत; नवा मालक अक्षरे पुसू शकतो. म्हणून विक्रीपूर्वी मी पाठीची छायाचित्रे काढली, आईकडून ऐकलेली हकिकत दोन पानांत लिहिली आणि मामांच्या हातची गाण्यांची यादी सोबत ठेवली. विकावी लागलीच, कारण आमच्या घरात ती वाजवणारे कोणी उरले नाही आणि रविवारची पेटीही उघडेनाशी झाली होती.

ठाण्याच्या एका तरुण वादकाने ती अक्षरांसह, कमी किमतीत घेतली. धोतराचे बोळे मात्र त्याने काढले. पोकळीचा तो घुमारच त्याला हवा होता. बोळे त्याने टाकले नाहीत. पेटीच्या खणात, गाण्यांच्या यादीशेजारी, कागदी पाकिटात ठेवले आहेत.