म्हशीच्या जोडीला शेळ्या

आमची बिद्री म्हणजे ऊस आणि कारखाना. उसाचं बिल हंगामात, दुधाचं दहा दिवसाला. पण मधीच दवाखाना नाहीतर पोराची फी निघाली तर? म्हैस विकली तर दूध थांबतं, बोकड विकला तर काय थांबत नाही.

दोन म्हशींमागं चार शेळ्या फुकटात जगतात म्हणतात, ते अर्धंच खरं. उसाच्या वाड्यावर म्हैस भागवती, शेळी नाही. तिला पाला लागतो. म्हणून बांधावर शेवरी, सुबाभूळ लावलीय. नुसती सुबाभूळ मात्र घालू नका, मिसळून घाला. शेळी पायाखाली आलेली वैरण तोंडात धरत नाही, म्हणून टांगून देतो. उरलेली म्हशीपुढं.

जागा मात्र वेगळी, उंचावर आणि कोरडी. म्हशीच्या ओलीत शेळीचे खूर कुजतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्या, पीपीआरची वेगळी. लाळ्या-खुरकूत दोघींनाही होतो, तवा बाजारातनं आणलेलं जनावर पंधरा दिवस लांब बांधा.

शेळी पाच महिन्यांत विते, म्हैस दहा. वहीत दोघींचा हिशेब वेगळा लिहा, म्हणजे कोण कुणाला पोसतंय ते कळंल. तुमच्या बांधावर पाल्याला काय हाय?