बोटीच्या आदल्या रात्री

धाकट्या नणंदेचा परवा फोन आला. ती आणि तिचे यजमान सप्टेंबरात अलास्काच्या बोटीवर जायचं म्हणताहेत. बोट व्हँकुव्हरहून सुटते. "वहिनी, तू आणि दादा आदल्या रात्री जिथे राहिलात त्या हॉटेलचं नाव सांग गं. बंदराजवळचे आकडे बघून मला घाम फुटला." नाव सांगायला एक मिनिट लागलं. बाकीचं सांगता सांगता पाऊण तास गेला आणि तरी अर्धं राहिलंच. म्हणून म्हटलं, इथे लिहून ठेवावं. तिला होईल, आणखी कुणालाही होईल.

तर झालं असं. जून २०२४ मध्ये आम्ही मुलाकडे कॅलगरीला होतो. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याने आणि सूनबाईने आम्हाला अलास्काच्या बोटीचं तिकीट दिलं. दोघांनाही रजा नव्हती, त्यामुळे जाणार आम्ही दोघंच. ह्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, माझं चौऱ्याहत्तर, आणि ह्यांचा उजवा गुडघा कुरकुर करणारा. तिकीट आम्ही आनंदाने घेतलं. पण आदल्या रात्रीचं हॉटेल आमच्या पेन्शनमधून, असं मी आधीच सांगून टाकलं.

मुलाने तरीही एक हॉटेल काढून दाखवलंच. खिडकीतून बोट दिसते म्हणे. भाडं ४८० डॉलर, कर वेगळा. सगळं धरून आपले जवळजवळ पस्तीस हजार रुपये, आणि तेही एका रात्रीचे! "आई, तू पैशांचा विचार करू नकोस," तो म्हणाला. मुलं हे वाक्य मनापासून, प्रेमाने म्हणतात हे मला कळतं. पण आयुष्यभर पैशांचा विचार करूनच ज्यांनी घर चालवलं, त्यांना हे वाक्य ऐकलं की आपण रिटायर झालो हे दुसऱ्यांदा कळतं.

त्याच दिवशी सकाळच्या विमानाने गेलो तर हॉटेलच नको, असाही एक विचार निघाला. तो ह्यांनी पहिल्या मिनिटाला मोडीत काढला. हे एस.टी.त होते. "गाडी चुकली तर मागची मिळते. बोटीला मागची नसते." खरं आहे. विमान चार तास उशिरा आलं म्हणून बोट थांबत नाही. आणि पुढच्या बंदरावर गाठू म्हणावं तर जूनो ही अलास्काची राजधानी असूनही तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमानाने जा, नाहीतर पाण्यातून. तेव्हा आदला मुक्काम ही चैन नाही, तो प्रवासाचाच भाग धरावा.

अलास्का अमेरिकेचं, मग बोट कॅनडातून का, हा प्रश्न मलाही पडला होता. त्यामागे अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने मधे परदेशी बंदर न घेता अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडायचे नाहीत. या मोठ्या क्रूझ बहुतेक सगळ्या परदेशी नोंदणीच्या. म्हणून व्हँकुव्हरचं फावलं. कोरोनात २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं तिथे एकही क्रूझ आली नाही, २०२२ च्या एप्रिलपासून पुन्हा सुरू झाल्या. नणंदबाई, एक लक्षात ठेव: आपल्या पासपोर्टवर कॅनडाचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा लागतात. बोट परत व्हँकुव्हरलाच येणार असेल तर कॅनडाचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा हवा. तेवढं आधी तपास.

आता हॉटेल शोधणं. मी शाळेत असताना सहलीची जागा ठरवायचं काम कायम माझ्याकडे असे. चाळीस मुली घेऊन जायचं म्हणजे धर्मशाळा असो की लॉज, माझे प्रश्न तीनच. पाणी आहे का, संडास किती आहेत, आणि स्टँडपासून सामान घेऊन चालत किती वेळ लागतो. व्हँकुव्हरसाठीही मी हेच तीन प्रश्न वहीत लिहिले. 'बंदराजवळ' या शब्दावर विश्वास ठेवू नये. जवळ म्हणजे कोणाला जवळ? नकाशावर चालायची मिनिटं बघावीत, आणि ती धडधाकट माणसाची असतात हे धरून आपली दीडपट करावीत.

दुसरं म्हणजे कर. दिसतो तो आकडा खरा नसतो. व्हँकुव्हरला हॉटेलच्या भाड्यावर जी.एस.टी. ५ टक्के, प्रांताचा कर ८ टक्के, वर गावाचा ३ टक्के, आणि २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या खर्चासाठी २०२३ पासून लावलेले आणखी अडीच. म्हणजे साडेअठरा टक्के झाले! फुटबॉल मी आयुष्यात बघितला नाही, पण वर्गणी भरून आले.

तिसरं मला माझं मलाच सापडलं, त्याचा थोडा अभिमान आहे. कॅनडा प्लेस या धक्क्यावर एकाच दिवशी तीन-तीन क्रूझ लागू शकतात. एकेकीत दोन-तीन हजार माणसं. त्यातली कितीतरी आदल्या रात्री गावात उतरणार, मग भाव चढणारच. कुठल्या तारखेला किती बोटी, याचं वेळापत्रक बंदरवाले आधीच जाहीर करतात. आमची तारीख ठरलेली होती, पण तुझी अजून हलवता येत असेल तर एकच बोट असलेला दिवस बघ.

मग जागा. एक पर्याय विमानतळाकडच्या रिचमंडचा. तिथून कॅनडा लाइन नावाची गाडी थेट वॉटरफ्रंट स्टेशनात येते आणि तिथून कॅनडा प्लेस हाकेच्या अंतरावर. सोयीचं आहे, पण सकाळी बॅगा घेऊन गर्दीत चढायचं ह्यांच्या गुडघ्याला झेपलं नसतं. दुसरा विद्यापीठाचा. यू.बी.सी.च्या वसतिगृहातल्या खोल्या उन्हाळ्यात मुलं घरी गेली की पाहुण्यांना देतात. मास्तरणीला हे फार आवडलं, पण विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त, हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या पूर्वेकडचा. नकाशावर धक्क्यापासून अगदी जवळ. मुलगा म्हणाला, "आई, तिथे नाही." का ते मी वाचून काढलं. त्या भागातली जुनी हॉटेलं शंभरेक वर्षांपूर्वी जंगलात लाकूडतोडीला, खाणीत, कोळीवाड्यात राबणाऱ्या मजुरांसाठी बांधलेली. हंगाम संपला की माणसं शहरात येऊन एकेका खोलीत राहत. म्हातारी झाली तरी तिथेच राहिली. आज तो भाग नशेच्या आणि बेघरांच्या प्रश्नासाठी देशभर माहीत आहे. पण मला वाचताना थांबवलं ते १९८६ ने. त्या वर्षी व्हँकुव्हरला 'एक्स्पो ८६' हे जागतिक प्रदर्शन भरलं. आम्ही जिथून बोटीत चढणार होतो ते पांढऱ्या शिडांचं कॅनडा प्लेस त्या प्रदर्शनासाठीच बांधलेलं. आणि त्याच प्रदर्शनाच्या पर्यटकांना खोल्या द्यायच्या म्हणून या जुन्या हॉटेलांनी आपल्या शेकडो रहिवाशांना बाहेर काढलं. त्यात वर्षानुवर्षं तिथे राहिलेले, काम संपलेले म्हातारे होते.

हे वाचल्यावर मी वही मिटून स्वयंपाकघरात गेले. स्वस्त खोली शोधणारी पेन्शनर बाई मी, आणि पर्यटकाला स्वस्त खोली मिळावी म्हणून जागा खाली केलेले तेही पेन्शनरच. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग काय, जायचंच नाही का?" जायचं तर होतंच.

शेवटी सापडलं ते वाय.डब्ल्यू.सी.ए.चं हॉटेल, बीटी स्ट्रीटवर. नाव बायकांच्या संस्थेचं, पण खोली कुणालाही मिळते, नवरोबांनाही. हॉटेलची मिळकत संस्थेच्या बायका-मुलांसाठीच्या कामात जाते. काही खोल्यांना न्हाणीघर सामाईक, काहींना आतच. आम्ही आतलं घेतलं. कर धरून २१० डॉलर झाले, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आत. स्वस्त नव्हेच. पण परवडण्यासारखं आणि स्वस्त यांत फरक आहे, आणि तो आपला आपणच ठरवायचा असतो.

मुलगा पटकन तयार झाला नाही. "लिफ्ट आहे का? रात्री बाबांना काही झालं तर? मी भरतो ना फरक." मी वहीतलं पान त्याच्यापुढे ठेवलं. स्टेशनपासून मिनिटं, लिफ्ट, रद्द करायची शेवटची तारीख, सगळं. त्याने ते वाचलं आणि गप्प बसला. तेवढ्यात हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "अरे, तुझी आई चाळीस पोरी घेऊन वेरूळला जाऊन आलीय, एकही हरवली नाही. मी तर एकटाच आहे." सूनबाई खुदकन हसली आणि विषय संपला. तिकडे पोचेपर्यंत त्याचे चार फोन आले, ते वेगळं.

विमानतळावरून गाडीचं तिकीट काढताना नेहमीच्या भाड्यावर पाच डॉलर जादा लागतात, त्याने दचकू नकोस. वॉटरफ्रंटला उतरलो, तिथेच दुसरी गाडी धरली, तिसऱ्या स्टेशनला उतरलो. खोली साधी होती. चादरी स्वच्छ, पाणी गरम, खिडकीतून समोरची भिंत. मला तर शाळेतली सहलच आठवली. बरोबर आणलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली.

जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. ह्यांना म्हटलं, एका ठिकाणी जाऊन येऊ. कॅनडा प्लेसच्या पश्चिमेला पाण्याच्या कडेने दहाएक मिनिटं चाललं की (आमची वीस) हार्बर ग्रीन पार्क लागतं. तिथे कोमागाटा मारूचं स्मारक आहे, २०१२ साली उभारलेलं.

गदर चळवळ शिकवताना कोमागाटा मारू मी दरवर्षी फळ्यावर एका ओळीत लिहीत असे. आपले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे त्याच चळवळीतले, १९१५ साली लाहोरला फाशी गेले. त्यांच्यावर मी दोन तास बोलायची, आणि या जहाजावर एक ओळ. २३ मे १९१४ ला हे जपानी जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन इथे आलं. बहुतेक पंजाबचे शीख, काही मुसलमान, काही हिंदू. कॅनडाचा नियम असा, की आपल्या देशातून न थांबता, एकाच सलग प्रवासाने यायला हवं, आणि प्रत्येकाजवळ दोनशे डॉलर हवेत. हिंदुस्थानातून असं थेट जहाजच नव्हतं. नियमात 'हिंदी माणूस नको' असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि तरी नेमका तोच अर्थ! आधीपासून कॅनडात राहणारे वीस-बावीस जण सोडले तर कुणालाही उतरू दिलं नाही. दोन महिने जहाज याच पाण्यात उभं, प्यायच्या पाण्याचे, अन्नाचे हाल. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी वर्गण्या काढल्या, कोर्टात गेले. काही उपयोग झाला नाही. २३ जुलैला युद्धनौका आणून जहाज परत हाकललं. कलकत्त्याजवळ बजबज इथे पोचल्यावर इंग्रजांनी गोळ्या घातल्या, त्यात वीसेक जण मेले. २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

स्मारकावर प्रवाशांची नावं आहेत. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि एकेक नाव वाचायला लागले, मोठ्याने. गुडघा दुखत असताना उभं राहून. मी म्हटलं, बाकावर बसा. बसले नाहीत. एक तरुण सरदारजी मुलाला कडेवर घेऊन आला होता, त्याने ह्यांचा आवाज ऐकून हात जोडले. आम्हीही जोडले. बोलणं काही झालं नाही.

येताना मात्र टॅक्सी केली. त्याचे पैसे मी वहीत 'गुडघा' या खात्यावर लिहिले.

दुसऱ्या दिवशी कॅनडा प्लेसवर पोचलो तेव्हा बॅगा आधीच घेऊन टाकतात, त्यामुळे औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीतच ठेव. अमेरिकेचे इमिग्रेशनवाले इथेच, कॅनडाच्या धक्क्यावरच बसतात. रांग लांब होती. आमच्यासमोरचा अधिकारी फार तर पंचविशीचा, माझ्या शेवटच्या बॅचमधल्या मुलांएवढा. कुठे चाललात विचारलं, ह्यांनी "पन्नासावी अ‍ॅनिव्हर्सरी" म्हणून सांगितलं, तो हसला आणि 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणाला. दोन मिनिटंही लागली नसतील.

बोट संध्याकाळी निघाली, कॅनडा प्लेसपासून मागे सरकली आणि पश्चिमेला वळली. लोक डेकवर गाणी लावून नाचत होते. हे कठड्याशी उभे राहून किनाऱ्यावर ती भिंत शोधत होते. "ती बघ, झाडांच्या उजवीकडे." मला काही दिसली नाही. ह्यांना दिसली म्हणतात. मग पुढे लायन्स गेट पूल आला आणि सगळे पुलाचे फोटो काढायला पळाले, आम्हीसुद्धा.

नणंदबाई, खोली मागताना रस्त्याकडची नको म्हणून सांग, जवळच मोठं स्टेडियम आहे. आणि दशम्या कॅलगरीलाच करून घ्या, सूनबाईला आता छान जमतात.